सहा गोळ्या आणि एक सही

"सही कर, म्हणजे सगळेच घरी जाऊ," ग्रेग म्हणाला आणि त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

शुक्रवारची दुपार होती. ग्रेग माझा बॉस. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये आमचं छोटंसं ऑडिओ रिस्टोरेशनचं ऑफिस आहे. रिस्टोरेशन म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची साफसफाई. समोरचा कागद होता साइन-ऑफ शीट. त्यावर छापलेलं असतं, 'हे सर्व भाग मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले असून ते मूळ रेकॉर्डिंगप्रमाणे आहेत.' खाली इंजिनिअरची सही. म्हणजे माझी.

मी पेन उचललं नाही. का, ते सांगायला त्या दिवशीच्या सकाळपासून सुरुवात करायला हवी.

प्रोजेक्ट होता जुन्या रेडिओ नाटकांचा. घरोघरी टीव्ही येण्याआधी अमेरिकन माणूस संध्याकाळी रेडिओपुढे बसून वेस्टर्न ऐकायचा. उजाड मुलखातलं एक गाव, तिथला मार्शल, म्हणजे गावचा फौजदार म्हणा, आणि दर आठवड्याला नवे दरोडेखोर. असे बावन्न भाग एका विद्यापीठाच्या अर्काइव्हने, म्हणजे जुन्या संग्रहाने, आमच्याकडे पाठवले होते. ते अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या तबकड्यांवर होते. तबकडीवर लाखेसारखा थर असतो आणि आवाज त्या थरात कोरलेला असतो. वय झालं की थराचे पोपडे निघतात. आमच्याकडे आलेल्यातल्या निम्म्या तबकड्या एकदा वाजल्या त्या वाजल्या, पुन्हा वाजण्यासारख्या राहिल्या नाहीत.

म्हणून पहिला नियम असा, की तबकडी आहे तशी, खरखरीसकट, एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. ही कच्ची कॉपी. सफाई तिच्या डुप्लिकेटवर करायची. ओरखड्यांचा 'टिक टिक' आवाज येतो, तो काढायला सॉफ्टवेअर असतं. बारीक, तीक्ष्ण आवाज दिसला की ते उडवतं. किती कडक उडवायचं ते आपण ठरवायचं.

ते मीच ठरवलं होतं. एक तबकडी फारच खराब होती, तिच्यासाठी सगळ्यांत कडक सेटिंग लावलं. डेडलाइन डोक्यावर होती, म्हणून तेच सेटिंग बावन्न भागांवर एका फटक्यात चालवलं. नंतर प्रत्येक भागातली तीन-तीन मिनिटं ऐकली. शीटवर 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत' लिहिलेलं असतं हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे तीन मिनिटं ऐकूनच सही करायची पद्धत पडली होती. मीही केल्या होत्या. एकदा नाही, अनेकदा.

त्या शुक्रवारी बाबा माझ्याबरोबर गाडीत होते. बाबा नागपूरचे, पोस्टातून रिटायर झालेले. सहा महिन्यांसाठी माझ्याकडे सनीव्हेलला आले होते. फ्रीमाँटच्या सीनियर सेंटरमध्ये त्यांना चार मराठी मित्र मिळाले होते, म्हणून सकाळची बुद्धवंदना आटोपून ते माझ्या गाडीत बसायचे आणि मी त्यांना तिथे सोडून ऑफिस गाठायचे. फ्रीवेवर नेहमीचा ट्रॅफिक होता. मी सहज साफ केलेला एकतिसावा भाग लावला.

गोष्ट सोपी होती. मार्शलने एका परक्या मजुराला कोठडीत ठेवलंय. त्याच्यावर घोडाचोरीचा आळ आहे, पण चोरी त्याने केलेली नाही. चार दरोडेखोर दाराशी येतात. कैदी आमच्या ताब्यात दे, आम्ही बघून घेतो. मार्शल म्हणतो, खटला होईल, तोवर तो इथून हलणार नाही. टोळीचा म्होरक्या हसून विचारतो, तू एकटा, आम्ही चौघं, तुझ्याकडे आहे तरी काय? मग शांतता. आणि मग म्होरक्या म्हणतो, चला रे, घोडे वळवा.

बाबांना ते इंग्रजी निम्मंच कळत होतं. पण जन्मभर रेडिओ ऐकलेला माणूस तो.

"वैशू, ते पळाले काहून?" त्यांनी विचारलं.

"घाबरले असतील, बाबा."

"कायले? त्यानं तर काहीच नाही केलं. नुसता चूप बसला. चूप बसल्यानं गुंड पळत असते का?"

मी बाबांना सोडलं, ऑफिसला गेले आणि त्या भागाची कच्ची कॉपी उघडली. त्या शांततेच्या जागी खरखरीच्या आडून स्पष्ट ऐकू आलं. कट्. कट्. कट्. एकूण सहा वेळा. मार्शल रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक गोळी भरत होता. तेच त्याचं उत्तर होतं. सत्तर वर्षांपूर्वी स्टुडिओत कुणीतरी माइकपुढे उभं राहून नेमक्या अंतराने ते सहा आवाज काढले होते. सॉफ्टवेअरला ते ओरखडे वाटले. माझ्या मार्शलने मौनव्रत धरलं होतं आणि दरोडेखोर कंटाळून घरी गेले होते!

मला इतकी लाज वाटली, की मी हेडफोन काढून तशीच बसून राहिले. मग भराभर आणखी भाग तपासले. एका भागात किल्लीचा आवाज गेला होता, एकात काडी ओढल्याचा. एका भागात तर तारयंत्राच्या टिकटिकीतून येणारा अख्खा संदेश गायब. बातमी आलीच नाही, तरी गाव घाबरलेलं.

हे सगळं घेऊन मी दुपारी ग्रेगच्या केबिनमध्ये गेले, तर त्याने शीट पुढे केलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पण बावन्न भाग पुन्हा करायला लागतील. प्रत्येक भाग कानाने ऐकून."

"डिलिव्हरी आज आहे."

"पुढे ढकल."

"वैशाली, सत्तर वर्षं जुनी नाटकं आहेत. कुणाच्याही लक्षात येणार नाही."

"माझ्या बाबांच्या आलं. फ्रीवेवर."

ग्रेग हसला नाही. खरी अडचण वेगळीच होती. सही झाली की स्टोरेज वाचवायला आम्ही कच्च्या कॉपी पुसतो. तबकड्यांचे तर पोपडेच उडालेले. म्हणजे आज माझी सही झाली असती, तर ते आवाज जगातून कायमचे गेले असते. शीटवर मात्र राहिलं असतं, की मी शेवटपर्यंत ऐकलंय.

"तुझ्या व्हिसा एक्स्टेन्शनची फाइल माझ्याच टेबलावर आहे," ग्रेग शांतपणे म्हणाला. "माहिती आहे ना?"

माहिती होतं. व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली, की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. नाहीतर सामान बांधायचं. मुलीची शाळा, अपार्टमेंटचं लीज, सगळं त्या एका फाइलवर उभं होतं. मी घाबरले, हे कबूल करते. आणि मग राग आला. मी चूक स्वतःहून सांगायला आले होते आणि हा माणूस माझ्या पोटावर पाय ठेवून खोटी सही मागत होता.

बाबांचे वडील अंगठा द्यायचे. कागदावर काय आहे ते दुसऱ्याने वाचून सांगायचं आणि त्यांनी अंगठा टेकवायचा. अशाच एका अंगठ्यात घरामागची जागा गेली. म्हणून मी चौथीत असताना बाबांनी मला सही शिकवली तेव्हा वहीची चार पानं गिरवून घेतली होती. म्हणाले होते, ही आपल्या घरातली तिसरीच सही आहे. न वाचता करायची नाही आणि खोट्यावर तर नाहीच नाही.

हे मी ऑफिसातल्या पद्धतीच्या नादात विसरले होते. इतकी शीटं, इतक्या सह्या.

मार्शलकडे सहा गोळ्या होत्या. माझ्याकडे एक बॉलपेन होतं. ते मी उचललं. शीटच्या तळाशी एक चौकोन असतो, 'ज्ञात दोष'. तो कधीच कुणी भरत नाही. मी लिहायला लागले.

"हे काय करतेस?" ग्रेग उठून उभा राहिला.

"चौकोन भरतेय."

"तो रिकामा ठेवायचा असतो."

"मग छापलाय कशाला?"

मी लिहिलं: सेटिंग माझं चुकलं. भाग एकतीसमधल्या सहा गोळ्या गेल्या आहेत. इतर भागांतही आवाज गेले आहेत. सर्व भाग शेवटपर्यंत ऐकलेले नाहीत. कच्च्या कॉपी पुसू नयेत. वर छापलेल्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली पूर्ण नावाने सही केली. शीट क्लायंटला, म्हणजे अर्काइव्हला, पाठवणं इंजिनिअरचं काम असतं. ते मी जागेवर जाऊन लगेच केलं आणि ग्रेगला सीसीमध्ये ठेवलं.

"सोमवारी बोलू," ग्रेग म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बोलू," मी म्हणाले.  सेंटरवरून बाबांना घेतलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी गेली तर नागपूरले घर आहे. भेव नको." रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

सोमवारी अर्काइव्हच्या कॅरलबाईंचा फोन आला. ग्रेगने तो स्पीकरवर घेतला.

"हा चौकोन कुणी भरलेला मी पहिल्यांदाच पाहतेय," त्या म्हणाल्या. "मला प्रश्न वेगळाच पडलाय, ग्रेग. आधी जे रिकाम्या चौकोनाचं काम आलं, त्याचं काय समजायचं?"

ग्रेगने विषय बदलून मुदत किती वाढवून मिळेल ते विचारलं. 

कॅरलबाईंनी सात आठवडे वाढवून दिले. अटी दोन. कच्च्या कॉपी त्यांच्याकडे जमा करायच्या, आणि बावन्न भाग ज्या बाईने चौकोन भरला तिनेच ऐकायचे. मी ऐकले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कान दुखेपर्यंत एकेक टिक तपासली. हा ओरखडा, हे कुलूप, हा ओरखडा, ही काडी. ग्रेगने मला काढलं नाही, काढताच येईना. एक्स्टेन्शनची फाइल मात्र त्याने अगदी शेवटच्या दिवशी पाठवली आणि तेव्हापासून लंचला तो माझ्या टेबलापाशी बसत नाही. मला त्याचं दुःख नाही.

बाबांच्या परतीच्या विमानाच्या दिवशी एअरपोर्टला जाताना मी गाडीत एकतिसावा भाग लावला. म्होरक्याने विचारलं, तुझ्याकडे आहे तरी काय? कट्, कट् सुरू झालं आणि बाबा बोटांवर मोजू लागले. सहा झाल्यावर मूठ मिटली.

"आता पळतीन," ते म्हणाले. आणि चौघं पळाले.

आमच्या ऑफिसात आता ते सेटिंग एकावेळी एकाच तबकडीवर लावतात. आणि शीटवरचा तो चौकोन रिकामा दिसला, की कॅरलबाई मला फोन करून विचारतात, खरंच शेवटपर्यंत ऐकलंय ना?