गोदामातला युरिया आणि नवा टँकर

सोमवार, मे महिना, दुष्काळाचं वर्ष. स्थळ: शिरूर कासारच्या अलीकडचा चढ. हजर: मी (सहकारी संस्थेची वाहतूक प्रमुख), नव्या टँकरचा ड्रायव्हर कचरू, आणि जीपने आलेले आमचे चेअरमन अण्णा.

इंजिन चालू होतं, पण पाण्याने भरलेला टँकर चढ चढेना. पलीकडे जनावरांची छावणी. तिथले हौद सकाळीच कोरडे पडले होते.

"डिझेल हाय, हवा हाय, मग कावून चढंना?" अण्णा म्हणाले.

"बोर्डावर युरियाचा दिवा लागलाय," कचरू म्हणाला.

नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला एक वेगळं द्रावण लागतं. त्याची निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. ड्रायव्हर लोक त्याला युरियाच म्हणतात. ते खराब निघालं तर गाडीतला कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो.

"कुठून भरलं?" मी विचारलं.

"गोदामातून, मॅडम."

कचरूने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं.

गेल्या हंगामात पेरणीच झाली नव्हती, त्यामुळे खताची पोती गोदामात तशीच पडून होती. त्यातलं खत अण्णांनी बादलीत कालवून टाकीत ओतायला लावलं होतं.

"युरिया तो युरियाच की!" अण्णा म्हणाले. "घरचा असताना इकत कावून आणायचा?"

"अण्णा, टँकरला कणसं लागायची न्हाईत," मी म्हणाले.

कचरू स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मग अण्णाही हसले. पण जनावरं तहानलेलीच होती.

मी संस्थेच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, शेखमामांना, फोन लावला. ते जुना ट्रक घेऊन छावणीवर चारा उतरवत होते. त्या ट्रकला कॉम्प्युटर नाही, युरिया नाही. सेल्फ-स्टार्टरही बंद, म्हणून मामा तो कायम उतारावर उभा करतात आणि घरंगळत चालू करतात. थोड्याच वेळात ते हजर झाले.

"काय बे कचरू, एसीत बसून घाम कावून आला?"

"मामा, आधी साखळी लावा. टोमणे वर जाऊन मारा."

चढावर जुन्याने नव्याला ओढलं. पलीकडच्या उतारावर गंमत उलटी झाली. जुन्याचे ब्रेक कच्चे, तेव्हा मागून नव्याने दोघांना धरून ठेवलं. मामांनी खिडकीतून ओरडून कबूल केलं, "पोराचा ब्रेक लई भारी हाय!"

जोडी छावणीत शिरली तशा बायकांनी घमेली वाजवली. हौद भरण्याआधीच म्हशींनी पाइपाला तोंडं लावली. एका आजींनी पाणी आणल्याबद्दल नारळ दिला, तोही अण्णांना. अण्णांनी तो बिनतक्रार घेतला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टाकी काढून धुतली, नळ्या साफ केल्या. टँकर पुन्हा धावू लागला. धडा एवढाच: जुनी गाडी मिळेल ते पचवते, नवीला काय चालतं ते आधी विचारावं.

एक काम बाकी आहे. निळ्या झाकणावर 'शेतीचे खत टाकू नये' अशी पाटी रंगवायची आहे. पेंटर तयार आहे. मजकुरावर चेअरमनची सही अजून झालेली नाही.