वरचे दोन बोर्ड

भिंतींचा मला आता कंटाळा आलाय. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची आडभिंत होती. गेल्या दिवाळीआधी चकल्या तळताना कढईतल्या तेलानं पेट घेतला आणि ती बघता बघता जळाली. बायकोचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ती शहरातच, मदन महल भागात बहिणीकडे गेली, आणि हात बरा झाल्यावरही तिथंच राहिली. फोन केला की एकच म्हणायची, "भिंत पक्की घाला, मग येते."

विटेची भिंत जुन्या स्लॅबला पेलणार नव्हती. ठेकेदारानं भिंतीला आणि छताला आगीत टिकणारे जिप्समचे बोर्ड सुचवले. आग लागली तरी हे बोर्ड ती काही वेळ अडवून धरतात, तेवढ्यात माणूस बाहेर पडतो. त्यांच्यावरचा कागद गुलाबी असतो, साध्या बोर्डांचा पांढरा.

चोवीस बोर्ड अंगणात येऊन पडले आणि ठेकेदार म्हणाला, "अंकल जी, देख लीजिए." मला काय सांगतो हा! संरक्षण कारखान्यात माल तपासण्यात माझं आयुष्य गेलं. आलेल्या ढिगातून काही नग काढायचे, तपासायचे, खडूनं खूण करायची. शितावरून भाताची परीक्षा, पण शीत पातेल्याच्या तळातूनही काढायचं. वरवरचा नग उचलणाऱ्या नव्या पोरांना मी सगळ्यांदेखत झापायचो. त्या दिवशी मात्र गुडघे ठणकत होते, ऊन डोक्यावर आलं होतं. मी वरचे दोन बोर्ड उचलून पाहिले. दोन्ही गुलाबी. खिशातल्या खडूनं खूण केली आणि खुर्चीत जाऊन बसलो.

काम चाललं तेव्हा पुट्टीच्या धुळीनं खोकला येतो म्हणून मी खालीच राहिलो. वर गेलो तेव्हा सगळं पांढरंशुभ्र रंगवून झालं होतं.

बायको आली. बॅग तिनं दाराजवळच ठेवली, उघडली नाही. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "सगळे नीट पाहून घेतले ना तुम्ही?"

"हो तर," मी म्हणालो.

आठवड्यानं गच्ची झाडताना बोर्डांचे उरलेले तुकडे सापडले. गुलाबी होते, तसे पांढरेही होते. ठेकेदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "नीचे के कुछ सादे निकल गए होंगे, अंकल जी. पास तो आपने ही किया था." तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला. त्याचाही, माझाही.

दोन दिवस मी गप्प राहिलो. ती गॅस पेटवायची तेव्हा डावा हात पुढे करायची आणि तोंड बाजूला वळवायची. मी बघत राहायचो. सांगितलं तर ती दाराजवळची बॅग उचलेल आणि पुन्हा येणार नाही, एवढीच भीती होती. घरात एकटं जेवण्याचा मला वीट आला होता.

तिसऱ्या दिवशी ती देवळात गेली असताना मी स्टुलावर चढलो आणि शेगडीवरच्या छताचा रंग सुरीनं खरवडला. खालून पांढरा कागद निघाला. तेवढ्यात ती दारात उभी.

"काहून चढले वर? काय शोधून राहिले?"

सगळं सांगितलं. उन्हासकट, गुडघ्यांसकट. ती पायरीवर बसून ऐकत होती.

"दोनच पाहिले?"

"दोनच."

"वरचे?"

"हो."

तिनं स्वतःच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. मग उठली आणि दाराकडे गेली. पण तिनं दार लावून घेतलं आणि दुसरी सुरी आणली. "चला," म्हणाली, "आता एकेक पाहू. खालचे मी, वरचे तुम्ही. हळू चढा."

संध्याकाळपर्यंत आम्ही चोवीसच्या चोवीस खरवडले. सहा पांढरे निघाले, सगळे शेगडीच्या वरचे. मी त्यांच्यावर फुल्या मारल्या. ठेकेदाराला पुन्हा बोलावलं. या वेळी फोनवर ती बोलली, तेव्हा त्यानं अंकल जी, आंटी जी काही न करता बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं. नवे सहा बोर्ड आले त्या दिवशी ती जिन्यापाशी खुर्ची टाकून बसली. मजुरांना एकेक बोर्ड तिच्यासमोर थांबवावा लागला. ती भाजलेल्या हातानं कागद चाचपून रंग पाहायची, मगच पुढे जाऊ द्यायची. मी मागे उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

भिंतीवर अजून खरवडल्याच्या गुलाबी खुणा आहेत. रंगाऱ्याला बोलावायचं त्राण दोघांतही नाही. सहावा बोर्ड वर गेल्यावर ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "ती बॅग आणा इकडे. कपडे कपाटात ठेवून घेते."