विमलताईचा हातगुण

सुपरमार्केटच्या काउंटरवरची फिलिपिनी मुलगी विमलताईला चांगली ओळखून होती. विमलताई येताना दिसली की ती 'स्क्रॅच अँड विन'च्या कार्डांचा डबा आधीच उघडून ठेवायची आणि मागच्या गिऱ्हाइकांना शेजारच्या रांगेत पाठवायची. पाच दिनारच्या खरेदीवर एक कार्ड फुकट मिळे. शहाणी माणसं मुलीनं पुढे केलेलं कार्ड घेतात, नाण्यानं खरवडतात आणि काही लागलं नाही की कचऱ्यात टाकून चालू लागतात. विमलताई डब्यात मनगटापर्यंत हात घालायची. तळापासून कार्डं ढवळायची, एक काढून उलटसुलट बघायची, परत टाकायची, दुसरं काढायची. मागून एखादा बहारिनी गृहस्थ "यल्ला, यल्ला" करत घाई करू लागला तर वळून त्याच्याकडे बघून छान हसायची आणि हात तसाच डब्यात ठेवायची.

"वरलं नको मला," ती म्हणायची. "वरलं समद्यांसाठी असतंय. माझं मी हुडकून घेनार."

एकदा मी तिला म्हटलं, "अगं, कुठलंही घेतलंस तरी सारखंच. छापतानाच ठरलेलं असतं सगळं."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "पर निवडताना मजा येती. आन न्हाई लागलं तर निदान माझ्या हातानं न्हाई लागलं."

माहूजला आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, अगदी माझ्या दारासमोर. मूळची कराडजवळची. नवऱ्याच्या व्हिसावर बहारीनला आली आणि चार वर्षांत तो हार्ट अटॅकनं गेला. सासरहून रोज फोन येऊ लागले, एकटी बाई तिथं काय करणार म्हणून. "शिवनार," असं सांगून तिनं फोन ठेवला. मुहर्रकच्या एका लेडीज टेलरच्या दुकानात अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे काळे झगे, शिवायला लागली, दुकानाच्या व्हिसावर राहिली, फ्लॅटच्या दोन खोल्या मल्याळी नर्सेसना दिल्या आणि तिसरीत स्वतः ऐसपैस पसरली. गेल्या वर्षी व्हिसा कॅन्सल करून ती गावी परतली, तेव्हापासून समोरच्या दारातून कोणी माझ्याशी भांडत नाही. मला ती फार आवडायची, हे इथेच सांगून टाकते.

आमच्या मजल्याच्या मुख्यमंत्री म्हणजे परबकाकू. मालवणच्या. मनानं मोठ्या, विमलताईचा नवरा गेला तेव्हा तिच्या घरी दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातून जात होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पाचजणी एकत्र सामान भरायला जायचो आणि सगळ्यांचं बिल एकच करायचो. एकेकटीच्या बिलातले वरचे दोन-तीन दिनार कार्डाविना फुकट जातात, ते असे जोडले जात. ही युक्ती काकूंचीच. कार्डं कोणी काढायची याचे नियमही त्यांचेच. काढणारी डोक्यावरून अंघोळ केलेली हवी, सवाष्ण हवी, मुलगे असलेली हवी. हे सगळं एकट्या काकूंनाच लागू पडत असल्यामुळे त्याच काढत. माझी मुलगी एकदा म्हणाली, "काकू, इट्स जस्ट रँडम." काकूंनी "रँडम म्हणजे काय गो?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कार्ड काढलं. इतक्या वर्षांत लागलं काय, तर दोन प्लॅस्टिकचे डबे आणि एक तवा. पण त्या तव्यावर घावन काढताना काकू दर वेळी आपल्या हातगुणाची आठवण करून देत.

नवरा गेल्यानंतर विमलताई आमच्याबरोबर येतच राहिली. फक्त कार्डं काढायची वेळ आली की काकू म्हणायच्या, "विमल, तू ट्रॉलीकडे थांब गो. सामान कोण बगतला?" एरवी एकटी स्वतःचं कार्ड काढायला मोकळी, पण आमच्या बिलाच्या डब्याला तिचा हात लागायचा नाही. बिचारी काही महिने खरंच सामान राखत उभी राहिली. मग एका शुक्रवारी तिच्या लक्षात आलं की साबण आणि तांदूळ चोरायला त्या दुकानात कोणी येत नाही.

त्या दिवशी तिनं भरलेली ट्रॉली ढकलत थेट काउंटरला आणून भिडवली. "ही बघा ट्रॉली," ती म्हणाली. "आता सामान समद्यांनी मिळून बघा." आणि कोणी काही बोलायच्या आत डब्यात हात घातला.

काकूंचा चेहरा पडला. आमच्यातली एकजण हळूच म्हणाली, "आधी आमची तरी काढून होऊ द्यायची होतीस." विमलताईनं नेहमीपेक्षाही जास्त वेळ लावून कार्ड काढलं, खरवडलं. काही नाही. मग काकूंनी बाकीची काढली. त्यांनाही काही नाही. परतीच्या टॅक्सीत काकू म्हणाल्या, "मी तुका दोष देत नाय, विमल. पण आपल्याक समजाक होया."

"तवा लागला तो तुमच्या हातगुणानं, आन न्हाई लागलं ते माझ्या," विमलताई म्हणाली. "बरंय की. वाटणी झाली."

मला तेव्हा हसू आलं आणि रागही आला. वाटलं, ही आता आमच्याबरोबर यायची नाही. पुढच्या महिन्यात काकूंनी तिला बिल वेगळं करायला सांगितलं, तरीही ती आली. आमच्या पुढे रांगेत उभी राहिली, आपलं चिमूटभर सामान एकटीच्या बिलावर घेतलं आणि त्यावर मिळालेल्या एका कार्डासाठी डबा असा काही ढवळला की काउंटरवरच्या मुलीनं स्टूल ओढून घेतलं. कार्ड खरवडलं आणि ती नुसती त्याकडे बघत राहिली. मुलीनं डोकावून पाहिलं आणि काउंटरवरची घंटा वाजवली. सोन्याचं नाणं लागलं होतं.

त्या नाण्याचे तिनं मनामाच्या बाजारात, सूकमध्ये, कानातले करून घेतले आणि कामावर जातानाही ते घालू लागली. इकडे आमच्या मजल्यावर एकदम हवा फिरली. ज्या बाईच्या हातानं डबा विटाळत होता, तिच्याच दारात मंडळी चपला काढू लागली. विमलताई, या महिन्याची आमची कार्डं तू काढ. विमलताई, माझ्या भावाच्या दुकानाचा नारळ तू फोड. कुणीतरी तिला विमान कंपनीच्या लकी ड्रॉचं कुपन नुसतं हात लावायला आणून दिलं. तिनं एकालाही दाद दिली नाही. "मागल्या महिन्यात हा हात वाईट हुता," ती म्हणायची. "मधी मी काय त्येला दवाखान्यात न्हेलतं का? तुमचं तुम्ही काढा. हात हायेत की सगळ्यांना."

मग काकूंच्या सुनेचं, सायलीचं डोहाळजेवण ठरलं. काकू विमलताईकडे आल्या तेव्हा मी तिथेच चहा घेत बसले होते. काकूंनी आग्रहानं सांगितलं, पहिली ओटी विमलनंच भरायची.

"तुझ्या हाताक गुण हा," त्या म्हणाल्या.

"मग न्हाई येनार मी," विमलताई म्हणाली.

काकूंना वाटलं ती लाजते आहे. पण तिनं कप खाली ठेवला आणि समोर बघून बोलली. "गुण हाय म्हनून बोलावताय, काकू. उद्या पोरीला काय कमी-जास्त झालं तर त्योच हात परत वाईट. तवा माझ्या हाताचं नाव घेनार न्हाई, एवढं म्हना. मग येते."

"अभद्र बोलू नको गो," काकू म्हणाल्या आणि ताडकन उठून गेल्या.

मी विमलताईला समजावलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी काकूंना शहाणपण सुचलंय, मानानं बोलावतायत, कशाला ताणतेस? ती म्हणाली, "मान न्हाई त्यो. कार्ड हाय. चाललं तवर चांगलं."

चार-पाच दिवस दोघींची दारं एकमेकींना बंद राहिली. डोहाळजेवणाच्या सकाळी काकू पुन्हा आल्या, ओल्या केसांनी, हातात नारळाच्या वड्यांची ताटली. आत आल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "नाव घेवचंय नाय. ये."

विमलताई गेली. पहिली नाही, पाचवी, आपल्या नंबरानं. सायलीच्या ओटीत तांदूळ-नारळ घातले आणि बाजूला झाली.

आणि तिनं बोलून दाखवलं होतं, तसंच झालं. सायलीला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बाळ पिवळं पडलं. हॉस्पिटलनं तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, विमलताई थर्मासमधून चहा घेऊन आली होती. तेवढ्यात काकूंच्या नणंदेचा मालवणहून फोन आला. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. नणंदेनं बाळाची चौकशी केली आणि मग विचारलं, "डोहाळजेवणाक ओट्यो कोणी भरलेल्यो? ता शिवणकामवाला बायलमाणूस होता काय त्याच्यात?"

विमलताई चहा ओतत होती. ती थांबली. मी काकूंकडे बघायचं धाडस केलं नाही. मला त्यांची भीती वाटली, खरं सांगते. रात्रभर जागलेली, घाबरलेली आजी होती ती, आणि घाबरलेलं माणूस जुन्याच वाटेनं पळतं.

"होती," काकू म्हणाल्या. "मी बोलवलंय म्हणान इली. अर्ध्या पोरांका कावीळ जाता, डॉक्टरान सांगितल्यान माका. तिच्या हाताचा नाव काढू नको. आणि परत असा विचारूचा असात तर फोनच करू नको."

त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. नवरा गेला तेव्हाही विमलताईला मी चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं. त्या बाकावर बसून ती रडली, चांगली हमसून हमसून, येणारे-जाणारे बघत होते तरी. काकूंनी तिच्या हातातला थर्मास काढून घेतला आणि कप भरून तिच्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "थंड जाता."