दहाची कडी

कॅल्क्युलसच्या पहिल्याच तासाला सर म्हणाले होते, "बराबर दहाला दाराला आतून कडी लावायची. मंग मी जरी आलो तरी उघडायची न्हाई." आम्ही हसलो, सर घड्याळ बघत होते. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली गेली की परीक्षा नाही, आणि माझी अगदी काठावर होती.

सर आणि मी बदनापूरहून एकाच गाडीनं जालन्याला यायचो. एकदा गाडी रखडली. पुढं ऑटोत त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा मी निर्धास्त होतो. सरच उशिरा, मग कडी कोण लावणार?

पोरांनी लावली होती.

सरांनी दार वाजवलं नाही. व्हरांड्यातच हजेरीपत्रक उघडून माझ्या नावापुढं गैरहजेरी मांडली. मग यादीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापुढंही तेच.