टाइपरायटरवरची अंगाई

माझे यजमान लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ते वर्षातून एकदा रजेवर यायचे आणि आमची लेक त्यांना बघितलं की भोकाड पसरायची. एकदा मी त्यांना सहज कळवलं, की हल्ली एक नवी चाल गुणगुणली की ती पटकन निजते. उलट टपाली उत्तर आलं : ‘ती चाल सारेगममध्ये लिहून पाठव. पुढच्या रजेत वाजवतो. ओळखीचं ऐकून तरी जवळ येईल.’

चाल माझीच होती. साताऱ्याला माहेरी पेटी शिकले होते, त्यामुळे स्वर काढणं अवघड नव्हतं. अवघड होतं माझं अक्षर. यांना माझी साधी पत्रंसुद्धा लागत नसत, तिथे स्वर काय लागणार! पण इस्लामपूरला एका कचेरीत मी टंकलेखिका होते. म्हटलं, टाइपच करू.

आता मराठी टाइपरायटर म्हणजे अर्ज-विनंत्यांचा धनी, त्याला कोमल गंधार काय ठाऊक? दुपारच्या सुट्टीत माझे उद्योग सुरू झाले. कोमल स्वराखालची आडवी रेघ मिळाली. मंद्र निषादाखाली टिंब हवं होतं. कागद अर्धी ओळ वर सरकवून पूर्णविराम मारला, तर नेमका अक्षराच्या पोटाखाली बसला! तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ हवी, म्हणून कागद उलट खाली सरकवला आणि तिथे नुसता काना ठोकला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! हेडक्लार्क डोकावून म्हणाले, “आवं बाई, हे कुठल्या खात्याचं पत्र म्हणायचं?”

“पाळणा खात्याचं,” मी म्हटलं.

कागद गेला आणि मला एकच घोर लागला. माझा आवाज न ऐकता, नुसत्या रेघा-टिंबांतून चाल उठेल का?

हे रजेवर आले. लेक माझ्या पदराआड. यांनी ओट्यावर बसून क्लॅरिनेट तोंडाला लावली. कोमल गंधार आला, खालचा निषाद आला, तीव्र मध्यमसुद्धा अगदी जागच्या जागी. आणि मी कपाळाला हात लावला. लय कुठे लिहिली होती मी? बँडमधला माणूस, अंगाई परेडच्या चालीवर निघाली होती.

लेकीनं पदर सोडला. चाल ओळखीची होती, पण काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. ती कपाळाला आठ्या घालून त्यांच्यापाशी गेली. मी निजवताना तिला थोपटते, तसं तिनं सावकाश त्यांच्या गुडघ्यावर थोपटायला सुरुवात केली.

“असं न्हाई. असं.”

ते तिच्या हाताबरोबर संथ झाले. डोळे भरले होते, श्वास पुरत नव्हता, सूर कापत होता. तरी त्यांनी वाद्य खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं, तर तिनं हात काढून घेतला असता.