येते म्हणजे जाते

बेल वाजली की आपण काय करतो? आतूनच ओरडतो, "आले, आले!" मग गॅस बारीक करा, हात पुसा, आणि निवांत दार उघडा. आमचे हे आजोबा त्यातले नव्हते. बेल वाजवून बाहेर कुडकुडत उभं राहावं, आतून हूं की चूं नाही. दार उघडून समोर ठाकले की मग म्हणायचे, "आलो."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून ख्राइस्टचर्चला मी नवी नवी आले होते, घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करणारी नर्स म्हणून. रिकार्टन भागात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानामागे हे जर्मन आजोबा एकटे राहायचे. डाव्या पायाची बोटं तरुणपणीच लढाईतल्या बर्फाने नेली होती. उरलेला पाय मधुमेह कुरतडत होता. तरी उशीखाली बिस्किटं लपवायचे, आणि सापडली की जणू मीच ठेवली अशा नजरेने माझ्याकडे बघायचे.

एका जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, ड्रेसिंग आटोपून मी बॅग उचलली आणि निरोप घेतला. बोलणं इंग्रजी, डोकं मराठी. "ओके, आय विल कम," म्हटलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची शेजारीण म्हणाली, म्हातारा अंधार पडेपर्यंत दार उघडं टाकून उंबऱ्यात उभा होता. माझं डोकंच फिरलं. पायाला ही एवढी जखम, बाहेर पाणी गोठतंय, आणि हे उभे! गेल्या गेल्या त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

"तुम्ही येते म्हणालात," ते शांतपणे म्हणाले.

मला हसू फुटलं, त्यांना नाही. मग पायाकडे बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. महायुद्धात ते रणगाड्यात वायरलेसवर होते. हिवाळ्यात त्यांच्या सैन्याची एक मोठी तुकडी रशियात वेढ्यात अडकली, आणि आत त्यांचा धाकटा भाऊ. यांचे रणगाडे तो वेढा बाहेरून फोडायला निघाले. दुसऱ्याच्या देशात आम्हीच घुसलो होतो, तक्रार कुणाकडे करणार, हेही त्यांनी मध्येच सांगून टाकलं. आतल्यांना वायरलेसवर रोज एकच निरोप द्यायचा : धीर धरा, येतोय. वेढ्यातल्यांनी आकाशात सोडलेला उजेड दिसावा इतके ते जवळ पोचले. तिथे रशियन रणगाड्यांनी रोखलं, आणि माघारी फिरायचा हुकूम आला.

"आतून विचारत होते, येताय ना? आमचा रणगाडा वळला होता. आणि मी म्हणत होतो, येतोय."

भाऊ परतला नाही. तेव्हापासून पोचल्याशिवाय तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता.

मी आपलं समजावलं, आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ मानतात. 'येते' म्हणतात. आणि मागे राहणारा म्हणतो, 'सावकाश या.'

त्यांनी विचारलं, "आणि येता आलं नाही तर? ते खोटं ठरतं?"

"नाही हो. यायची इच्छा असते ना, तेवढं पुरतं."

त्यांनी शब्द चाखून बघितला, "येटे." म्हटलं, अहो, बाई येते, तुम्ही 'येतो' म्हणायचं. त्यावर मात्र ते खळखळून हसले. पुढे मी निघाले की "सावकाश या" म्हणायचे, अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखे. 'येतो' म्हणायची वेळ त्यांच्यावर येतच नव्हती. जाणार कुठे होते बिचारे?

पुढच्या हिवाळ्यात पाय काळा पडला. ऑपरेशनमधून ते उठले नाहीत, पण ते नंतरचं. त्या सकाळी ॲम्ब्युलन्सवाले त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढत होते आणि मी दार धरून उभी होते. उंबऱ्यावर आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"येतो," ते म्हणाले. 'त'सुद्धा चोख.

मला म्हणाले की त्या वेढ्यातल्या भावाला, कोण जाणे. उत्तर द्यायला तिथे मी एकटीच होते.

"सावकाश या," मी म्हटलं.