टाचेचं खुरपं

मी स्वभावाने संशयी. दुधाच्या खोक्यावरची तारीख दोनदा वाचणारा, घराला कुलूप लावून खाली आल्यावर लिफ्टने परत वर जाऊन ते ओढून पाहणारा. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईत जबल अलीजवळच्या एका नर्सरीत सुपरवायझर होतो, आणि तिथे मात्र हा स्वभाव कामाचा समजला जाई. परदेशातून येणाऱ्या झाडांबरोबर मातीचा कणही येता कामा नये, असा नियम होता. म्हणून मुळं धुऊन, नारळाच्या भुशात बसवून, शिक्क्याच्या कागदासकट झाडं यायची. कागद तपासायचं काम माझं.

एका सकाळी, थायलंडहून महिन्याभरापूर्वी आलेल्या पामच्या रांगेत, भिजलेल्या भुशात एक बेडूक सापडला. तपकिरी, गुबगुबीत, दोन्ही कुशींवर फिकट पट्टा. हात लावताच पुरीसारखा फुगला आणि बुडाकडून, उलटाच, भुशात रुतायला लागला. मी त्याला उताणा केला. मागच्या टाचेला खुरप्यासारखी कडक गाठ होती. असा उकरणारा बेडूक मी लहानपणी रत्नागिरीकडे नांगरलेल्या शेतात पाहिला होता. माझा संशय तिथेच पक्का झाला. या रांगेला पाणी घालणारा माळी रत्नागिरीकडचाच होता आणि पंधरा दिवसांपूर्वी सुट्टीवरून परतला होता.

कामगारांच्या खोल्या नर्सरीच्या आवारातच होत्या. दुपारी तो जेवायला गेल्यावर मी त्याची पत्र्याची पेटी उघडली. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. कपड्यांखाली बिस्किटांचा डबा, डब्यात ओली तांबडी माती आणि तिच्यात अळूचे कांदे. आमच्याकडचा माणूस परदेशात अळू नेतो तो मातीसकट. नुसता कांदाही रुजेल, पण वडीला चव येणार नाही, अशी त्याची खात्री असते.

मी डबा आणि बेडूक दोन्ही लेबनानी मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. माळ्याला बोलावणं गेलं. गावी छपराचं काम अर्धं टाकून तो परतला होता. ही नोकरी गेली तर ते तसंच राहणार, हे मला ठाऊक होतं.

"सायेब, माती माजी, पण बेडूक माजा नाय," तो मला म्हणाला. "आमच्या बेडकाचं तोंड केवढं मोठं असतंय! ह्याचं बघा, मुंग्या खानाऱ्याचं. टाचेवर जाव नका."

"टाच तीच, म्हणजे बेडूक तोच," मी म्हणालो.

"और कौन लाया मिट्टी?" मॅनेजरने विचारलं. "नाम बोलो."

माळ्याने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर चोराची वाटली. मग तो म्हणाला, "कोई नहीं, सर. मैं अकेला."

"खलास. व्हिसा कॅन्सल."

चार दिवसांनी जेवताना मी ही हकीकत घरी जरा ऐटीतच सांगितली. अकरावीतली मुलगी उठून शाळेच्या लायब्ररीतलं बेडकांचं पुस्तक घेऊन आली. त्यात तोच होता, कुशीवरच्या पट्ट्यासकट.

"बाबा, धिस वन इज फ्रॉम थायलंड साइड. नॉट कोकण."

"आणि टाच?"

तिने पानं उलटून दाखवलं. आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, आपल्याकडे, जिथे जिथे पावसानंतर जमीन महिनोन्‌महिने कोरडी पडते, तिथे बेडकांच्या निरनिराळ्या कुळांनी आपापलं टाचेचं खुरपं घडवलं होतं. खाली दडायचं आणि पावसाची वाट पाहायची, ही गरज सगळ्यांची एक. नातं मात्र फार लांबचं.

"सेम टूल, बाबा. डझन्ट मीन सेम फॅमिली."

म्हणजे बेडूक पामबरोबरच आला होता. पामच्या कागदावर 'माती नाही' असा शिक्का होता, आणि कुलूपसुद्धा दोनदा ओढणाऱ्या मी त्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून मी मॅनेजरसमोर ते पुस्तक उघडलं. त्याने चित्र पाहिलं आणि खांदे उडवले. "ही इज गॉन, हबीबी. कल फ्लाइट था. और मिट्टी तो लाया था ना?"

आणली होती, हे खरंच होतं. संध्याकाळी घरी आलो आणि बाल्कनीत गेलो. तिथे आमची तुळस होती. आदल्या वर्षी मी ती गावाहून आणली होती, श्रीखंडाच्या डब्यात, तांबड्या मातीत, बॅगेत कपड्यांखाली लपवून. कुंडीत लावायला एका शुक्रवारी त्याच माळ्याला मी घरी बोलावलं होतं. त्याने माती बोटांत चुरून वास घेतला होता आणि हसून म्हणाला होता, "आमच्याच बाजूची, सायेब."

मॅनेजरने 'और कौन' विचारलं तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याने माझं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. तुळशीबद्दल मॅनेजरला काहीच बोललो नाही. नवा कंटेनर आला होता, त्याचे कागद तपासत बसलो.